आमचा पहिला कंटेनर: निफाड ते रॉटरडॅम

युरोपला पाठवलेल्या आमच्या द्राक्षांच्या पैशांचा शेवटचा हप्ता १९ जून २०२४ ला बँकेत जमा झाला. त्या रात्री मी फाइल उघडली आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावून पुन्हा पंच केले. वर्षभर ती फाइल माझ्या उशाशीच होती. गावातल्या तीन-चार जणांनी आतापर्यंत विचारलं, "वहिनी, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहावं, म्हणून हे.

आधी आमची परिस्थिती सांगते. निफाड तालुक्यात आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. दहा-बारा वर्षं आम्ही माल जागेवरच देत आलो. निर्यातदाराचा माणूस यायचा, गेज लावून मणी बघायचा, किलोचा भाव ठरायचा आणि पुढे माल कुठे जातो, त्यावर काय लागतं, याच्याशी आमचा संबंध संपायचा. २०२३ च्या हंगामात ठरलेल्या भावातून वजावट झाली. कारण विचारलं तर "तिकडे ड्युटी लागते" एवढंच उत्तर मिळालं. ही ड्युटी म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच सांगता येईना. ते मला फार लागलं. सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले, "पोरी, तू शिकलेली आहेस, एकदा मुळापर्यंत जाऊन बघ." मग धाकटे भाऊजी, शेजारचे एक काका आणि आम्ही असे तीन प्लॉट मिळून, साडेचार एकरांवर, स्वतः एक कंटेनर पाठवायचा असं ठरलं.

जूनमध्ये आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, काढला. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ५०० रुपये भरून तो दोन दिवसांत मिळाला. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो. बदल काही नसला तरी करायचाच, नाहीतर तो बंद पडतो. मग शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची आरसीएमसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी धरून ५,९०० रुपये. इथे आमचे अकरा दिवस वाया गेले, कारण पॅनवर फर्मच्या नावात 'अँड' पूर्ण लिहिलेलं होतं आणि बँकेच्या पत्रात त्याचं चिन्ह होतं. पॅन, बँक, आयईसी आणि जीएसटी या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या.

जुलैअखेर रॉटरडॅमच्या एका आयातदाराशी बोलणं सुरू झालं. त्यांच्या पहिल्या मेलमध्ये भावाचा प्रश्नच नव्हता. दोनच गोष्टी विचारल्या होत्या: रेक्स नंबर आहे का, आणि माल कोणत्या तारखेच्या सुमारास पोचेल? मला दोन्हींचा अर्थ लागला नाही. पुढचे पंधरा दिवस रात्री मुलं झोपल्यावर मी हेच वाचत बसायचे.

मला समजलं ते असं. युरोपियन युनियनमधले २७ देश बाहेरच्या मालाला एकच जकात लावतात. १ जुलै १९६८ ला, सहा देश असताना, हा सामाईक दर सुरू झाला. माल रॉटरडॅमला उतरो, हॅम्बुर्गला उतरो की ग्रीसमध्ये, दर तोच. एकदा जकात भरून माल आत गेला की नेदरलँड्समधून जर्मनीत किंवा पोलंडला जाताना पुन्हा कस्टम नाही. व्हॅट मात्र ज्याचा त्याचा वेगळा. जमा झालेल्या जकातीतला २५ टक्के भाग वसुली करणारा देश ठेवतो आणि बाकीची रक्कम युनियनच्या तिजोरीत जाते. त्यामुळे या दराबाबत एखाद्या देशाच्या मंत्र्याकडे दाद मागून उपयोग नसतो. निर्णय ब्रसेल्समध्ये सगळ्यांचा मिळून होतो.

आता द्राक्षाचा दर. खाण्याच्या ताज्या द्राक्षांना आपल्या हंगामात साधा दर ११.५ टक्के आहे. विकसनशील देशांना मिळणारी जीएसपीची सवलत घेतली तर तो ८ टक्के होतो. रेक्स नंबर लागतो तो या साडेतीन टक्क्यांसाठी. ६,००० युरोंच्या वरच्या मालावर सवलत हवी असेल तर निर्यातदार रेक्समध्ये, म्हणजे नोंदणीकृत निर्यातदारांच्या यादीत, नोंदलेला असावाच लागतो. तारखेचा प्रश्नही उलगडला. हा दर वर्षभर सारखा नसतो. उन्हाळ्यात इटली, स्पेनची स्वतःची द्राक्षं बाजारात असतात, तेव्हा बाहेरच्या द्राक्षांचा दर चढतो. शिवाय २१ जुलै ते २० नोव्हेंबर या काळात प्रवेशमूल्याची अट असते. त्या मूल्यापेक्षा स्वस्त माल आणला तर वर जादा जकात. आपला माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पोचतो, म्हणून यातून आपण सुटतो. त्यांनी दरपत्रक स्वतःच्या शेतकऱ्याच्या काढणीचं वेळापत्रक समोर ठेवून आखलंय, हे कळल्यावर मला राग आला नाही. त्यांच्या शेतकऱ्याचा विचार कुणीतरी इतक्या बारकाईने केलाय, याचं कौतुकच वाटलं.

वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण आफ्रिका आणि चिलीची द्राक्षंही तिथे असतात आणि त्यांना जकात शून्य आहे. चिलीचा करार २००३ मध्ये लागू झाला, दक्षिण आफ्रिकेचा सध्याचा करार २०१६ पासून. भारताची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये परत सुरू झाली. आमचा माल गेला तेव्हा, २०२४ मध्येही, ती चालूच होती. म्हणजे आमचा घड आणि केपचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा, घड एकाच फळीवर मांडला जातो तेव्हा आमच्या अंगावर आठ टक्क्यांचं ओझं आधीच असतं. जागेवर भाव ठरताना ते शेवटी शेतकऱ्याच्याच गळ्यात पडतं. "तिकडे ड्युटी लागते" या वाक्याचा अर्थ मला त्या ऑगस्टमध्ये लागला.

रेक्सची नोंदणी ऑनलाइन केली. मंजुरीला नऊ दिवस लागले.

८ ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, केली आणि त्याच आठवड्यात तिन्ही प्लॉटची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या अपेडाच्या ऑनलाइन व्यवस्थेत, नोंदणी केली. सातबारा, प्लॉटचा नकाशा, कृषी खात्याची पाहणी. प्रत्येक प्लॉटला नंबर मिळतो आणि पुढे खोक्यावरच्या लेबलवरून रॉटरडॅमचा माणूस थेट त्या प्लॉटपर्यंत पोचू शकतो. ही व्यवस्था काही हौसेने झालेली नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले, माल अडकला आणि त्यातून ही अंश-तपासणीची पद्धत उभी राहिली. २०१० मध्ये सीसीसीमुळे, म्हणजे क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधामुळे, माल पुन्हा अडकला, ते आमच्या घरात अजून सांगतात. अण्णांनी तेव्हा वापरात असलेलं औषध नेहमीप्रमाणे वापरलं होतं. त्या वर्षीचं कर्ज फिटायला चार वर्षं लागली.

अंशांची मर्यादा, म्हणजे एमआरएल, हीसुद्धा जकातीसारखीच सामाईक आहे. १ सप्टेंबर २००८ पासून सगळ्या देशांची एकच यादी. त्याआधी प्रत्येक देशाची वेगळी असायची, त्यामुळे एकच यादी असणं ही मोठी सोय आहे, हे मी मनापासून मान्य करते. पण एखाद्या औषधाची मर्यादा यादीत ठरलेली नसेल तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम, असा हिशेब मी भाऊजींना पाटीवर मांडून दाखवला. ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. आणि यादी बदलत असते. आमच्याकडे वर्षानुवर्षं वापरलेल्या क्लोरपायरीफॉसची मर्यादा १३ नोव्हेंबर २०२० पासून ०.०१ वर आली. थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांच्यासाठी ७ मार्च २०२६ ही तारीख तेव्हाच जाहीर झाली होती, आणि तीही मधमाश्यांच्या कारणासाठी. घराच्या कॅलेंडरवर तेव्हा ते साल आलेलं नव्हतं, म्हणून औषधांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने मी ती तारीख चिकटवून ठेवली.

मग २६ नोव्हेंबर उजाडला. नाशिककरांना त्या रविवारची आठवण करून द्यायला नको. दुपारनंतर वारा सुटला, मग गारा. छाटणीला ४९ दिवस झालेले, मणी नुकताच सेट झालेला. आमच्या दोन प्लॉटना कमी लागलं, काकांच्या प्लॉटची उत्तरेकडची बाजू फाटली. सोमवारी सकाळी बागेत पाय ठेवला तर पानांखाली मणी शाबूदाणा सांडल्यासारखे पडलेले. काका बोलले नाहीत, नुसते वाकून ते मुठीत गोळा करत राहिले.

पण खरी कसोटी त्यानंतरच्या दहा दिवसांत लागली. पाऊस, दमट हवा आणि डाऊनी या रोगाचा धोका. आजूबाजूचे सगळे दिवसाआड फवारत होते. आमच्याकडे शिफारस केलेल्या औषधांची यादी होती, प्रत्येकाचा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे तो आकडा, होता आणि काढणीचा अंदाज फेब्रुवारीच्या शेवटचा. कोणतं औषध आज चालेल आणि कोणतं आजपासून वर्ज्य, हे मी वहीत दोन रंगांत लिहून ठेवलं होतं. एका संध्याकाळी भाऊजी चिडून म्हणाले, "वहिनी, बाग गेली तर ती वही काय रॉटरडॅमला पाठवायची?" त्यांचं चूक नव्हतं. आम्ही त्या दिवशी एक फवारणी पुढे ढकलली आणि रात्रभर कुणी झोपलं नाही. बाग वाचली. पुढच्या वेळी वाचेलच असं मी म्हणणार नाही.

डिसेंबरमध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले वाढले आणि कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. नोव्हेंबरात आम्हाला रिफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरचं जे भाडं सांगितलं होतं, जानेवारीत ते दुपटीच्या वर गेलं. प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांवरून पाच आठवड्यांच्या पुढे. इथे जकातीबद्दल एक गोष्ट कळली जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती. युरोपात जकात मालाच्या नुसत्या किमतीवर बसत नाही, तिथवरचं भाडं आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर बसते. माल १०० चा आणि भाडं-विमा २० असेल तर ८ टक्क्यांनी ९.६० होतात. भाडं-विमा ४० झाला की ११.२० होतात. द्राक्ष तेच, शेतकऱ्याच्या हातात तेवढेच, पण समुद्रात रस्ता बदलला म्हणून जकात वाढली. शून्य जकातवाल्याला भाडंवाढ एकदाच बसते, आपल्याला तिच्यावर पुन्हा जकातही. तुम्ही भाव ठरवायला बसाल तेव्हा भाड्याचे दोन वेगवेगळे आकडे धरून हा हिशेब आधी कागदावर करा.

१२ फेब्रुवारीला प्रयोगशाळेचा माणूस नमुने घेऊन गेला. सहाव्या दिवशी निकाल आला. आमचा आणि काकांचा प्लॉट पास. भाऊजींचा फेल. जे कीटकनाशक सापडलं ते आम्ही फवारलंच नव्हतं. फवारणीची वही तीनदा तपासली. भाऊजी कोपऱ्यात बसून राहिले, त्यांना वाटलं आम्ही त्यांच्यावर संशय घेतोय. मग अण्णांना आठवलं, जानेवारीत एका विक्रेत्याने 'पूर्ण जैविक' म्हणून एक टॉनिक दिलं होतं आणि ते फक्त त्याच प्लॉटवर गेलं होतं. तळाला उरलेलं चार बोटं टॉनिक पदरचे पैसे भरून तपासायला दिलं. त्यात तेच निघालं. तो प्लॉट ग्रेपनेटवर बंद झाला आणि तिथला माल देशी बाजारात गेला, निम्म्याच्या आसपास भावाने. लेबलवर घटक लिहिलेले नाहीत असं काहीही निर्यातीच्या बागेत येऊ देऊ नका. आणि जे जे वापराल त्याची थोडी बाटली काढणी होईपर्यंत जपून ठेवा. आमच्याकडे ती योगायोगाने राहिली, म्हणून निदान घरातला संशय तरी मिटला.

काढणी २३ ते २६ फेब्रुवारी. पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत थांबायचं. अपेडाची मान्यता असलेलं पॅकहाऊस भाड्याने घेतलं होतं. अर्धा किलोचे पनेट (छोटे डबे), दहा पनेटचं खोकं, आत माल टिकवणारा ग्रेप गार्डचा कागद, मग प्री-कूलिंग. लाकडी पॅलेट उष्णता-प्रक्रिया केलेली आणि शिक्का मारलेली लागते. आमच्या पहिल्या लॉटमधल्या सहा पॅलेटवर शिक्का पुसट होता, त्या आम्ही परत केल्या. कंटेनर एका दिवसाने लांबला, पण पलीकडे अडकण्यापेक्षा ते परवडलं. ॲगमार्कची तपासणी आणि फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र, तिथेच झाले. फायटो युरोपात १४ डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ सगळ्याच ताज्या फळांना सक्तीचा आहे.

कागदांत आमच्याकडून एक मोठी चूक झाली होती. जीएसपीसाठी इन्व्हॉइसवर मूळ देशाचं निवेदन लिहावं लागतं. मी एका ओळखीच्या कापड निर्यातदाराचा नमुना घेऊन तो जसाच्या तसा उतरवला. त्यात शेवटी 'डब्ल्यू' होतं. डब्ल्यू म्हणजे बाहेरचा कच्चा माल आणून पुरेशी प्रक्रिया केलेला माल. शेतात पिकलेल्या मालाला 'पी' लागतं, म्हणजे संपूर्णपणे त्याच देशात मिळालेला. एका अक्षराने सवलत अडकली असती आणि ८ च्या जागी ११.५ टक्के भरावे लागले असते. जहाज समुद्रात असताना आयातदाराच्या कार्यालयातल्या बाईंनी ते पकडलं, मला फोन करून शांतपणे समजावलं आणि दुरुस्त इन्व्हॉइस मागवून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

जहाज ३ मार्चला न्हावा शेवाहून सुटलं. ९ एप्रिलला पोचलं. ३७ दिवस. रोज सकाळी चहाच्या आधी मी नकाशावर जहाज बघायचे. आफ्रिकेच्या खालच्या टोकाला ते वळलं त्या दिवशी अण्णांनाही मोबाइल नेऊन दाखवला. ते म्हणाले, "एवढं लांब? आपले घड एवढ्या लांब गेले?" आणि बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले.

१० एप्रिलला कंटेनर उघडला. फोटो आले. मणी टणक, पण देठ तपकिरी पडायला लागलेले. वाट लांबली त्याची ही किंमत. थोडा माल वेगळा काढून पुन्हा भरावा लागला आणि त्यासाठी भावात वजावट झाली. या वेळी मात्र वजावटीचं कारण फोटोसकट समोर होतं. जकात भरल्यावर चार दिवसांत अर्धा माल जर्मनीला गेला, कुठेही थांबला नाही, नवा कागद लागला नाही. त्याच सुमारास आयातदाराने विचारलं, चार पॅलेट इंग्लंडला देता येतील का? तिथे भाव बरा होता. पण इंग्लंड १ जानेवारी २०२१ पासून या सामाईक दारातून बाहेर आहे. त्यांची जकात वेगळी, कागद वेगळे, अंशांची यादीही स्वतंत्र. आम्ही ती तयारीच केली नव्हती. इंग्लंडला पाठवायचं मनात असेल तर बंदरातून निघण्याआधी ठरवा, मधेच वळवता येत नाही.

सामाईक दाराची दुसरी बाजू कोकणातल्या लोकांना विचारा. १ मे २०१४ ला फळमाशीमुळे युरोपने आपल्या आंब्यावर बंदी घातली, तेव्हा एका निर्णयाने त्या वेळच्या २८ देशांची बाजारपेठ एकदम मिटली. २०१५ च्या जानेवारीत ती उठवायचं ठरलं, तोवर एक हंगाम हातचा गेला होता. रॉटरडॅमला उतरलेला माल चारच दिवसांत जर्मनीत पोचला त्याचा मला आनंद झाला, आणि तेव्हाच ही बंदी आठवली.

मे महिन्यात हिशेबाचा तक्ता आला. भाडं, विमा, हाताळणी, पुन्हा भरण्याचा खर्च, आयातदाराचं कमिशन आणि मधोमध एक ओळ: सीमाशुल्क, ८ टक्के. त्यासमोर युरोमधला आकडा. मी तो तक्ता अण्णांना वाचून दाखवला, प्रत्येक ओळ मराठीत सांगत. जागेवर दिला असता त्यापेक्षा किलोमागे सहा रुपये जास्त सुटले, तेही फेल गेलेल्या प्लॉटचं नुकसान वेगळं ठेवून. ते धरलं तर बरोबरी झाली. वर्षभराच्या धावपळीचा मोबदला म्हणून हे थोडं आहे, हे मी लपवत नाही.

तरी आम्ही पुन्हा पाठवणार आहोत. अण्णांनी त्या तक्त्याची झेरॉक्स काढायला सांगितली आणि आठ टक्क्यांच्या ओळीखाली निळ्या पेनाने रेघ मारली. ती त्यांनी खिशात ठेवलीय. यंदा जागेवर भाव करायला कुणी आलं तर ती काढून पुढे ठेवणार, म्हणतात. भाऊजींनी औषधांचं कपाट रिकामं करून घटक न लिहिलेल्या सगळ्या बाटल्या बाजूला काढल्यात. एकूण चौदा निघाल्या.